पणजोबांचा सातबारा मागण्याआधी कायद्याचं साल पाहा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या दोन-तीन वर्षांत तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षासमोर आणि मोजणी ऑफिसात जुने कागद शोधणाऱ्यांची वर्दळ फार वाढली आहे. कुणाला दाखल्यासाठी पुरावा हवा असतो, कुणाला वाटणीचा गुंता सोडवायचा असतो, तर कुणाला आपलं घराणं या गावात कधी आणि कुठून आलं एवढंच जाणून घ्यायचं असतं. अर्जातलं वाक्य मात्र बहुतेकांचं एकच: 'आमच्या पणजोबांच्या नावचा १९१० सालचा सातबारा मिळावा.' त्यावर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मिळतो आणि माणूस हिरमुसून परततो. तो शेरा खोटा नसतो. आजच्या रूपातला सातबारा हा स्वातंत्र्यानंतरचा नमुना आहे, तो १९१० साली असणार कुठून? पण त्या सालची दुसरी चोपडी, दुसऱ्या नावाने, कदाचित त्याच कपाटात असते. ती नावाने मागितली नाही म्हणून मिळत नाही.

घराण्याचा शोध घेताना आधी कायद्याचं साल पाहावं आणि मग कागद मागावा, हे सांगण्यासाठी हे पत्र. सरकार एखादा कायदा करतं तेव्हा त्याच्या अंमलासाठी एक नोंदवही उघडतं. ती वही कुणाची नावं टिपायला उघडली, कुणाची टिपायची नव्हती आणि ती कुठल्या खात्याकडे गेली, हे कळलं की निम्मा शोध संपतो.

कोल्हापूरकरांना पहिली अडचण येते ती गाव तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं याची. आजचा जिल्हा एकसंध दिसतो, तो तसा कधीच नव्हता. करवीर, पन्हाळा, भुदरगड, शिरोळ, गडहिंग्लज ही कोल्हापूर संस्थानची पेठं, म्हणजे तालुके. पण विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी या जहागिऱ्यांची दप्तरं वेगळी, आणि आजरा इचलकरंजीकडे. कुरुंदवाड पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान. चंदगड तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, त्यामुळे तिथल्या माणसाने त्याआधीचा जिल्हा पातळीवरचा कागद कोल्हापुरात शोधून उपयोग नाही. उलट रायबाग, कटकोळ ही कोल्हापूर संस्थानची गावं आज कर्नाटकात आहेत. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्या तारखेआधी मुंबई इलाख्याचा, म्हणजे ब्रिटिश मुलखाचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे, दरबाराने हुकूम काढला तरच होई. असे हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून येत. म्हणून पुस्तकात 'हक्कनोंदणीचा कायदा १९०३' असं वाचून त्या सालचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, संस्थानी गावात मागू नये. आधी गाव इलाख्यातलं की संस्थानातलं ते ठरवावं.

संस्थानचे स्वतःचे कायदे शोधासाठी फार मोलाचे आहेत, आणि त्यांच्याकडे या दृष्टीने कुणी पाहत नाही याची आम्हाला खंत वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सक्ती म्हटली की हजेरी आली, म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर आलं: मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव. ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती अशा घरातला मुलगासुद्धा इथे सापडतो. १९१७ चाच विधवा पुनर्विवाहाचा कायदा आहे, त्यानेही नोंदी निर्माण केल्या. १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द होऊन तलाठी आले. संस्थानी गावाच्या दप्तरात त्या सुमारास अक्षर बदलतं, मांडणी बदलते. इलाख्यातल्या गावात हाच बदल १ मे १९५१ ला, परगणा व कुलकर्णी वतन रद्द करण्याच्या कायद्याने झाला. महार वतनांचंही तसंच. इलाख्यातली कनिष्ठ गाववतनं १ ऑगस्ट १९५९ पासून गेली, पण कोल्हापुरात महाराजांनी १९१८ मध्येच वतन रद्द करून जमिनी रयताव्याने, म्हणजे साध्या शेतकऱ्यासारख्या सारा भरण्याच्या अटीवर, नावावर करण्याचा हुकूम काढला होता. ज्यांचे पूर्वज वतनदार महार होते त्यांनी १९५९ ची फाइल पाहून थांबू नये. आधी १९१८ च्या सुमाराचे कागद पाहावेत. सामायिक वतनाच्या जागी एकेका माणसाचं नाव लागण्याचा तो क्षण आहे.

आता नकाशे. संस्थानात पद्धतशीर मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. त्या मोजणीचे कागद भूमी अभिलेखच्या तालुका कचेरीत, म्हणजे लोक ज्याला मोजणी ऑफिस म्हणतात तिथे असतात: टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राचं गणित), आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि सारा), नंतरची फाळणी आणि पोटहिस्से मोजले गेले तिथे हिस्सा फॉर्म बारा. टिपण हे प्रमाणात काढलेलं चित्र नसतं. मधली साखळी आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना घेतलेली अंतरं असा तो हाताने काढलेला कच्चा आराखडा असतो. त्याचं क्षेत्र पट्टीने मोजू नये. गावनकाशा मात्र प्रमाणात असतो. खाली '१ इंच = २० साखळी' असं असेल तर साखळी ३३ फुटांची धरून एक इंच म्हणजे ६६० फूट. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. झेरॉक्सवर मोजलं तर प्रमाण बिघडतं, कारण कागद लहान-मोठा होऊन येतो. त्याचा इंच खरा धरू नका.

घराण्याच्या शोधात नकाशाचा खरा उपयोग शेजाऱ्यांसाठी. भाऊ वेगळे झाले की बांधाला बांध लागून राहतात. सर्व्हे नंबर ४५ चे ४५/१, ४५/२ झाले, पुढे ४५/२ चे ४५/२अ आणि ४५/२ब झाले, तर तो नंबरच वंशावळीचा आराखडा असतो. कुठली फाळी कुठल्या साली पडली ते फाळणीच्या कागदावर आणि संबंधित फेरफारात मिळतं. आडनाव लिहायची पद्धत नसलेल्या काळात दोन 'रामा बिन सखू' सापडले, तर तुमचा कोणता हे ठरवायला बांध उपयोगी पडतो. थळांची नावंही टिपून घ्या: शेरी, मळी, अमक्याचा माळ, तमक्याची पाणंद. ही नावं खरेदीखतात येतात आणि नंबर बदलले तरी लोकांच्या तोंडी टिकून राहतात.

नंबर बदलतात हीच पुढची मोठी ठेच. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली ज्या गावात योजना राबली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट ३१२ म्हणजे जुना कोणता सर्व्हे नंबर, हे सातबाऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी मोजणी ऑफिसातून एकत्रीकरण योजनेचा उतारा मागावा, कचेरीच्या भाषेत 'नऊ-तीन, नऊ-चार'. त्यात जुना नंबर, जुना खातेदार, नवा गट आणि नवा खातेदार सगळं एकत्र मिळतं. योजनेत जमिनींची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणजे आज तुमचं कुटुंब कसतं ती जमीन पणजोबांनी कसलेली असेलच असं नाही. एकत्रीकरण न झालेल्या गावांत आजही सर्व्हे नंबरच चालतात, तिथे हा उतारा मागून वेळ घालवू नये.

नंबर जुळवल्यावर पडताळा घ्यायचा तो आकाराने, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या साऱ्याने. समजा जुन्या नंबराचं क्षेत्र ३ एकर १२ गुंठे आणि आकार ४ रुपये ८ आणे. ३ एकर १२ गुंठे म्हणजे १३२ गुंठे, म्हणजे सुमारे १ हेक्टर ३३ आर. ४ रुपये ८ आणे म्हणजे ४ रुपये ५० पैसे. नव्या उताऱ्यांतल्या हिश्शांचं क्षेत्र आणि आकार मिळवून याच्या आसपास येत असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. मोठा फरक पडला तर एखादा हिस्सा हुकला आहे, किंवा पोटखराबा, म्हणजे नंबरातला लागवडीला निरुपयोगी भाग, एका ठिकाणी धरला आणि दुसऱ्या ठिकाणी सोडला आहे. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. त्याच दिवशी कूळकायद्याने कूळ मालक झालं. योगायोगच, पण दप्तर वाचणाऱ्याला ही एक तारीख दोन कामांना उपयोगी पडते.

कूळकायद्याचा बदल वंशावळ लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यावा. १९५७ नंतर एका आडनावाची जमीन अचानक दुसऱ्या आडनावावर दिसते. पाहणारा समजतो, जावई असावा किंवा दत्तक असावा. तसं काही नसतं, कुळाचं नाव लागलेलं असतं. आपल्या घराण्याची जमीन गेली किंवा आली, दोन्ही बाजूंनी '३२ ग' ची, म्हणजे कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवण्याच्या चौकशीची, फाइल मिळवावी. त्या चौकशीत घेतलेल्या जबाबांत 'माझे वडील अमुक साली मयत, आम्ही तिघे भाऊ, एक बहीण दिलेल्या घरी' अशी माहिती असते. फेरफाराच्या चार ओळींत ती कधी मिळणार नाही.

फेरफार वाचताना पै-आण्यांकडे विशेष लक्ष द्यावं. पूर्ण हिस्सा १६ आणे, आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. एखाद्या नंबरात एका नावापुढे ८ आणे आणि तीन नावांपुढे प्रत्येकी २ आणे ८ पै असतील तर चित्र बहुधा असं: दोन भाऊ, त्यातला एक वारलेला आणि त्याचे तीन मुलगे. ५ आणे ४ पै म्हणजे तिघांत एक, १ आणा ४ पै म्हणजे बारावा हिस्सा. अशी तक्षीम, म्हणजे हिस्सेवाटणी, मांडत गेलं की वहीत कुठेही न लिहिलेली पिढी मधे उभी राहते. पण रकान्याचं शीर्षक वाचल्याशिवाय ही गणितं करू नयेत. आणे हिश्शाला असतात, आकाराला असतात आणि गुंठ्याचेही १६ आणे असतात. '०-५-४' हा आकार असताना त्याला तिसरा हिस्सा समजून नसलेले दोन भाऊ वंशावळीत घातल्याची उदाहरणं आहेत. मोडीत आणि जुन्या बाळबोधीत उभ्या रेघांनी पाव, अर्धा, पाऊण दाखवतात. ४॥ म्हणजे साडेचार, पण नवखा वाचणारा त्याला ४११ वाचतो.

नावांची भाषाही शिकून घ्यावी लागते. 'बिन' म्हणजे मुलगा, 'कोम' म्हणजे बायको. गंगाबाई कोम तुकाराम ही तुकारामाची बायको, लेक नव्हे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणजे बाप वारला तेव्हा मूल लहान होतं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या एका शेऱ्याने जेवढी घराणी झाकली गेली तेवढी आगीने किंवा वाळवीने झाकली नसतील. वडील वारले की थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं, धाकटे भाऊ कुठेच नाहीत. पुढे पुनर्लेखनात, म्हणजे उतारा नव्या पानावर उतरवताना, 'ए.कु.मॅ.' ही अक्षरंच गळाली आणि थोरला एकटा मालक दिसू लागला. तेव्हा वंशावळीत एकच मुलगा दिसतोय असं वाटलं, तर वारसाचा मूळ फेरफार पाहिल्याशिवाय तसं लिहू नये. 'पाटील' हे काही ठिकाणी आडनाव, काही ठिकाणी फक्त काम. घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती या दोन शाखा वेगळ्या आडनावांनी पुढे गेलेल्या असू शकतात.

मुली कागदात का नाहीत, याचंही उत्तर कायद्यात आहे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ चा. त्याआधी मुलगे असतील तर मुलीचं नाव वारसाला लागत नसे. म्हणून १९४० च्या फेरफारात तीन मुलगेच दिसले तर 'मुली नव्हत्या' असा निष्कर्ष काढू नका. १९५६ नंतरही कित्येक ठिकाणी बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात घातली गेली, आणि लोक उताऱ्याचा तो भाग पाहतच नाहीत. बहिणीचं नाव, तिचं सासरचं आडनाव आणि कधी गावही तिथेच मिळतं. हक्कसोडपत्र झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद असते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची हिस्सेदार केलं. या तारखांच्या मागेपुढे वाटणीच्या आणि हक्कसोडीच्या दस्तांची गर्दी दिसते, त्यामागचं कारण हेच.

सर्वांत जास्त फसगत तारखांची होते. फेरफाराची तारीख ही मरणाची तारीख नव्हे. वारसाची नोंद माणूस गेल्यावर वीस वर्षांनीही झालेली असते. वर्दीची तारीख, नोंदीची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगवेगळी टिपा. मरणाची तारीख हवी तर गाव नमुना चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते मागा. मोडी कागदावर शके, फसली, शुहूर अशी सनं असतात. शकात ७८ मिळवा, चैत्राआधीचे महिने असतील तर ७९. फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९. ही दोन्ही मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतात, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना आणखी एक मिळवा. फसली १३२८ म्हणजे जून १९१८ ते जून १९१९. महसुली वर्ष पुन्हा वेगळं, १ ऑगस्ट ते ३१ जुलै.

ऑनलाइन सातबारा काढून शोध सुरू करणं ठीक आहे, पण तिथे थांबू नका. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात कमी झालेलं नाव कंसात राहतं आणि शेजारी फेरफार क्रमांक वर्तुळात असतो. त्या वर्तुळांच्या शिडीनेच मागे जायचं असतं. पुनर्लेखन झालं की कंसातली नावं नव्या पानावर येत नाहीत, आणि तिथे शिडी तुटते. मग मधल्या काळाचे हस्तलिखित सातबारे मागावे लागतात. फेरफार क्रमांक गावापुरता असतो, काही गावांत वही बदलल्यावर पुन्हा एकपासून सुरू झाला. म्हणून गाव, वही आणि साल यांशिवाय नुसता क्रमांक टिपून काही हाती लागत नाही.

शहरातल्या घरांसाठी वाट वेगळी. तिथे नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि त्यामागची चौकशी नोंदवही. कोल्हापुरात सिटी सर्व्हे नंबराबरोबर ए, बी, सी, डी, ई वॉर्डाचं अक्षर लागतं, ते न लिहिलेला अर्ज परत येतो. चौकशी नोंदवहीत हक्क कसा आला ते लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा दोन पिढ्यांची नावंही मिळतात.

सरकारी कागदांना हेळव्यांच्या वह्यांची जोड द्यावी. आपल्या भागात अजून हेळवी दारोदार येऊन घराण्याची नावं वाचतात. पंढरपूर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही आहेत. ही नावं तोंडपाठ किंवा मागाहून लिहिलेली असू शकतात, त्यामुळे त्यांचा मेळ फेरफाराशी घालावा. दोन्हीकडे जुळलेलं तेवढंच पक्कं धरावं.

आता प्रशासनाला कळकळीची विनंती. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या जिल्ह्याने पाहिले आहेत. जुनी दप्तरं तळमजल्यावर ठेवू नयेत. भिजलेली वही उन्हात वाळवू नये आणि फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला कागद जळल्यासारखा होतो. घरोघरच्या सनदा आणि खरेदीखतंही लोकांनी अशीच बरबाद केली आहेत. सपाट, आम्लरहित कागदात, कोरड्या जागी ठेवणं पुरेसं असतं. स्कॅनिंग झालेल्या वह्यांत शिवणीकडची अक्षरं कापली गेली आहेत, मागची शेऱ्यांची पानं सुटली आहेत. नेमक्या त्याच कडेला फेरफार क्रमांक असतात. स्कॅन झालं म्हणून मूळ वही निकाली काढण्याआधी प्रत्येक वही पानागणिक ताडून पाहावी.

आणि प्रत्येक चावडीत एक कागद लावावा. त्यावर या गावात कोणकोणत्या नावाच्या वह्या कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत आहेत, त्यातली मोडी किती, गाव कुठल्या अमलाखालून आलं, एकत्रीकरण झालं का आणि झालं तर कधी, एवढं असावं. शेजारी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा तक्ता. हा तक्ता गावपातळीवर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि मोजणी ऑफिस मिळून तयार करू शकतात. त्याचे सगळे कागद त्यांच्याच कपाटात आहेत.

कळावे,
जुनी महसुली दप्तरं वाचणारे काही अभ्यासक,
कोल्हापूर